दोन कार्यप्रणाली, एक लॅपटॉप आणि साडेपाच तासांचा घोळ

आडवाट :
‘एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी बसवणे हा जुन्या काळचा छंद आहे, डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय) हाताशी असताना डिस्कची कापाकापी करणाऱ्यांना कामधंदा नसतो,’ असे श्री. खटपट्या यांनी काल ठणकावून लिहिले. हा सल्ला देणाऱ्याकडे किमान ३२ जीबी रॅम असावी. डब्ल्यूएसएल २ हे शेवटी विंडोजच्या पोटात चालणारे आभासी यंत्रच असून मूळ सेटिंगनुसार ते एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत मजल मारू शकते. म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज, ब्राउझर आणि लिनक्स यांनी एकाच ताटात जेवायचे.

माझ्या भाचीला अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांसाठी यूएसबीवर इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड जोडावा लागतो. डब्ल्यूएसएलमध्ये तो आपोआप दिसत नाही. वेगळे साधन बसवून तो आत पोचवावा लागतो. म्हणून आम्ही विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून जागा मोकळी केली, फास्ट स्टार्टअप बंद केले, बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतली आणि मगच लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावला. तेव्हापासून दोन्ही प्रणाली बिनतक्रार चालू आहेत. ज्यांचे बिनसते, त्यांचे बहुतेक वेळा फास्ट स्टार्टअपपाशी बिनसते : ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, लिनक्सला विंडोजचे पार्टिशन (डिस्कवरचा कप्पा) अर्धवट झोपलेले आढळते आणि ते फक्त वाचण्यापुरते उघडले जाते. मग ‘लिनक्सने माझ्या फायली अडवल्या’ अशी बोंब ठोकली जाते.

खटपट्या :
आपण पथ्यांची जी यादी दिलीत, तीच माझ्या बाजूचा पुरावा आहे. आपल्या भाचीला मामा आहे. बाकीच्यांना माझे दुरुस्तीचे दुकान आहे, आणि तिथे पैसे पडतात. शिवाय पथ्ये पाळूनही सुटका नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टचे जे सुरक्षा अपडेट आले, ते दोन प्रणाली असलेल्या यंत्रांना लागू होणार नाही असे सांगितले गेले होते. तरीही सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची प्रणालीच चालू देणारी सोय) चालू असलेल्या कित्येक यंत्रांवर लिनक्स ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असे म्हणून बंद पडले. त्या लोकांनी कोणते पथ्य मोडले होते?

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या जुन्या लॅपटॉपमध्ये विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही, त्यांवर खुशाल एकटे लिनक्स घाला. मी स्वतः घालून देतो. दोन्ही दगडांवर पाय कशाला? आणि लिनक्समधून विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसते, त्याबद्दल आपण अवाक्षरही काढलेले नाही.

माळरान :
घड्याळाचा विषय निघालाच आहे, तर दोष कोणाचा हेही स्पष्ट होऊ द्या. मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवण्याची डॉसच्या काळातली खोड विंडोजने आजतागायत सोडलेली नाही. लिनक्स मात्र तिथे यूटीसी (भारताच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) आहे असे धरून चालते. आमच्या सोसायटीचा हिशेब माझ्याकडे असताना गावी, इंटरनेट नसलेल्या घरात, लिनक्समध्ये पत्रक जतन केले आणि त्यावर साडेपाच तास पुढची वेळ पडली. त्याच दुपारी विंडोजमध्ये केलेली दुरुस्ती त्यामुळे ‘जुनी’ ठरली, आणि नवी तेवढीच फाइल उचलणाऱ्या बॅकअपने ती गाळून टाकली. वार्षिक सभेत माझ्यावर अफरातफरीचा आरोप व्हायचाच तेवढा बाकी राहिला होता. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या वहीत) ‘रियलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही नोंद १ करावी आणि विंडोजला सुधारावे, हाच उपाय आहे.

खटपट्या :
सामान्य माणसाला रजिस्ट्रीत हात घालायला सांगताना काही वाटत नाही का? लिनक्सला ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ एवढी एक आज्ञा दिली, की तेही मदरबोर्डवरची वेळ स्थानिक मानते आणि काम भागते.

माळरान :
ती आज्ञा दिल्यावर स्थिती तपासून पाहा. टाइम झोन बदलताना आणि उन्हाळी वेळ लागू होताना अडचणी येतील, असा इशारा प्रणाली स्वतःच देते. दुकानात बहुधा स्क्रीन वाचण्याची पद्धत नसावी.

खटपट्या :
स्क्रीन वाचतो, आणि पंचांगही पाहतो. भारतात उन्हाळी वेळ पाळली जात नाही आणि देशभर एकच प्रमाणवेळ आहे. जो धोका इथे उद्भवतच नाही, त्याची भीती गिऱ्हाइकाला का घालायची?

दूरदेशी :
सगळे मराठी लॅपटॉप भारतातच असतात, हे गृहीतक आवडले. मी म्युनिकला राहतो. इथे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास सरकते. स्थानिक वेळेची युक्ती केल्यावर मदरबोर्डवरचे घड्याळ विंडोज सुरू होईपर्यंत कोणी दुरुस्त करत नाही, त्यामुळे तोवर लिनक्स सुरू होताना तासाभराने चुकलेलेच असते आणि नेटवर्क मिळाल्यावर सावरते. पुण्याला सुट्टीवर आलो की टाइम झोन बदलण्याचा घोळ वेगळाच. श्री. माळरान यांचा सूर मला पटत नाही, पण त्यांचा उपाय बरोबर आहे.

आडवाट :
साडेपाच तासांवर एवढी शाई सांडली, पण मूळ प्रश्न जागच्या जागी आहे. दोन्ही उपायांपैकी कोणताही एकच करा. दोन्ही केलेत तर विंडोज यूटीसी लिहील, लिनक्स ती स्थानिक वेळ समजेल आणि चूक उलट्या दिशेने परत येईल. आता श्री. खटपट्या यांनी ८ जीबीच्या लॅपटॉपबद्दल उत्तर द्यावे.

खटपट्या :
८ जीबीवर डब्ल्यूएसएल रडतखडत चालते, हे मान्य; झाले समाधान? बोर्डाचे कामही थेट लिनक्समध्ये सोपे जाते, हेही घ्या. परंतु मग दोन्ही प्रणाली दोन स्वतंत्र एसएसडींवर (डिस्कवर) ठेवा आणि दोघींची ईएफआय पार्टिशने (प्रणाली सुरू करणाऱ्या फायलींचे कप्पे) वेगळी करा, म्हणजे एकीच्या बूटलोडरवर (तिला सुरू करणाऱ्या प्रोग्रामवर) दुसरीचा हात पडणार नाही. एकाच डिस्कवर दोघींचा संसार थाटून देण्याची जबाबदारी मी घेत नाही.

आडवाट :
सल्ला उत्तम आहे. भाचीच्या लॅपटॉपला एसएसडीसाठी एकच स्लॉट आहे आणि रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली आहे. दुसरी एसएसडी नेमकी कुठे खोचायची, हे आपण दुकानदार या नात्याने सांगावे.