मराठी शुद्धलेखन तपासनीसासाठी परवाना कोणता घ्यावा?

चर्चाप्रस्तावक : आम्ही सात-आठ जण फावल्या वेळात शुद्धलेखन तपासनीस लिहीत आहोत. आजवर त्यात परवान्याची फाइलच नाही; म्हणजे कोड सर्वांना दिसतो, पण हक्क ज्याचे त्याच्याकडे राहिल्याने तो रीतसर वापरता कुणालाच येत नाही. माझा कौल एजीपीएल ३ या परवान्याला आहे. जीपीएल या दुसऱ्या परवान्यात बदललेला कोड खुला करण्याचे बंधन आहे, पण ते बदललेला प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती दिला तरच लागू होते, आणि कुणी तो स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून नुसती सेवा विकली तर आपल्याला काहीच परत मिळत नाही. ही पळवाट एजीपीएल बुजवते.

तर्कट : पळवाट बुजेल, पण वाटही बुजेल. गूगलच्या जाहीर धोरणानुसार तिथे एजीपीएल कोड वापरायलाच मनाई आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक फोनच्या कीबोर्डने ओळखावा असे वाटत असेल, तर एमआयटी हा जवळजवळ काहीच बंधन न घालणारा परवाना घ्या. अटी पानभरही नाहीत. आपल्याला लुबाडायला कुणी टपले आहे, ही भीती मला जरा हौसेचीच वाटते.

प्रस्तावक : रेडिस या डेटाबेस प्रोग्रामचे काय झाले ते आठवा. बीएसडी हा असाच सैल परवाना असल्यामुळेच मार्च २०२४ मध्ये कंपनीला पुढच्या आवृत्त्यांवर निर्बंध घालता आले, आणि नाराज मंडळींना व्हॅल्की नावाची वेगळी चूल मांडावी लागली.

तर्कट : चूल मांडता आली तीही त्याच सैल परवान्यामुळे, जुना कोड कुणी हिरावू शकले नाही म्हणून! शिवाय मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएलचाही पर्याय दिला, म्हणजे कोडची मालक असलेल्या कंपनीलाही तो सोयीचा असतो.

काना-मात्रा : तुम्ही दोघेही आपल्या कामाचा आकार पाहत नाही. आपले खरे धन प्रत्ययांच्या नियमांच्या फाइलींत आहे. एमपीएल २.० या परवान्यानुसार त्याच फाइलींत बदल करून कुणी वाटप केले तर बदल खुले करावे लागतात, मात्र भोवतीचा कोड बंद ठेवता येतो. लिबरऑफिस या खुल्या ऑफिस-संचाचाही परवाना हाच आहे.

प्रस्तावक : सर्व्हरची पळवाट यात उघडीच राहते, हा माझा आक्षेप कायम आहे. तरीही एमपीएलला मी अडवणार नाही. अडचण वेगळीच आहे : परवान्याला प्रत्येकाची लेखी संमती हवी. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरने आपले इंजिन जीपीएलवरून त्याहून सैल अशा एलजीपीएलवर नेले तेव्हा शेकडो जणांना गाठावे लागले होते. आपल्याला सात-आठच गाठायचे आहेत, पण सामान्यरूपाचे नियम ज्याने लिहिले त्याचा ईमेल पत्ता बंद पडला आहे. महिनाभरात तो सापडला नाही, तर ती फाइल त्याच्या मजकुराकडे न पाहता नव्याने लिहायला कोण बसेल?