डिस्नी नेमकं विकते काय? दप्तरावरून सुरू झालेली चर्चा

कर्वेनगरचा बाबा

जूनमध्ये लेकीला दप्तर घ्यायला लक्ष्मी रोडवर गेलो होतो. दुकानदाराने दोन दप्तरं समोर ठेवली. कापड तेच, चेन तीच, बाटलीचा कप्पाही तिथेच. एकावर कार्टूनमधल्या राजकन्येचं चित्र, दुसरं कोरं. चित्रवालं साडेतीनशे रुपयांनी महाग. लेक सहा वर्षांची. त्या राजकन्येचा सिनेमा तिने पाहिलेलाही नाही, पण दप्तर छातीशी धरून उभी राहिली. घेतलं.

विचार मात्र डोक्यातून जाईना. या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी डिस्नी, म्हणून तिच्याबद्दल वाचत गेलो. १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये एका माणसाने वॉल्ट डिस्नींना ३०० डॉलर देऊ केले. कशासाठी, तर शाळकरी मुलांच्या लिहायच्या वह्यांवर मिकी छापायला. पैशांची नड होती, ते हो म्हणाले. म्हणजे शाळेच्या सामानावरचं चित्र ही डिस्नीच्या या धंद्याची अगदी पहिली पायरी.

माझं म्हणणं असं. हिमगौरीची गोष्ट जर्मनीतल्या आज्यांची, ग्रिम बंधूंनी ती गोळा केली. जलपरी अँडरसनची. या गोष्टी सगळ्यांच्या होत्या. डिस्नीने त्यांना एक चेहरा दिला आणि त्या चेहऱ्याभोवती कुंपण घातलं. आज लेकीला हिमगौरी काढ म्हटलं की ती पिवळा झगा आणि लाल रिबनच काढते. दुसरी हिमगौरी तिच्या मनात येतच नाही. पैशांपेक्षा मला हे जास्त लागतं.

आकडेमोड

बाबा, भावना समजली, पण कोरं दप्तरही समोर होतंच की. तुमच्यावर जबरदस्ती कुणी केली नाही.

धंद्याचं गणित सांगतो. २०२४ च्या आर्थिक वर्षात डिस्नीचं उत्पन्न साधारण ९,१४० कोटी डॉलर होतं. सगळ्या विभागांचा मिळून कामकाजाचा नफा सुमारे १,५६० कोटी, आणि त्यातले जवळजवळ ९२७ कोटी एकाच विभागाचे. पार्क, पर्यटन जहाजं, खेळणी, कपडे, दप्तरं हे सगळं त्या विभागात येतं. सिनेमा हे बियाणं, पीक दुसऱ्याच शेतात निघतं. इंटरनेटवरून घरबसल्या सिनेमे-मालिका दाखवायच्या सेवेत तर २०२२ च्या एका तिमाहीत १४७ कोटी डॉलरचा तोटा झाला आणि त्याच नोव्हेंबरात कंपनीचा प्रमुख बदलला.

नाव जपल्याचा फायदा बघा. टोकियोचं पार्क १९८३ पासून चालू आहे, पण त्याची मालक जपानी कंपनी. डिस्नीला नावाचा मोबदला मिळतो. २०२५ च्या मे महिन्यात अबूधाबीचं पार्क जाहीर झालं, तिथेही बांधणार आणि चालवणार स्थानिक कंपनी. शंभर वर्षं एक नाव स्वच्छ ठेवलं म्हणून हे जमतं. मला यात कौतुकच वाटतं.

सिंहगड रोडची आई

मी आकडेमोड यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. दोन वर्षं भिशी लावून आम्ही मुलाला हाँगकाँगच्या डिस्नीलँडला नेलं. माझा मुलगा अनोळखी माणसाशी बोलत नाही, डोळ्याला डोळाही देत नाही. तिथे गूफीच्या, म्हणजे डिस्नीच्या कार्टूनमधल्या कुत्र्याच्या, वेषातला माणूस त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि तसाच थांबला. हात पुढे केला नाही, घाई केली नाही. मागे रांग होती, तरी कुणी हटकलं नाही. मिनिटभराने मुलाने स्वतःहून त्याच्या नाकाला बोट लावलं.

त्या एका मिनिटासाठी मी पैसे दिले, आणि पुन्हा देईन. पोरांचं मन जपायला शिकवलेली माणसं ठेवायला खर्च येतो. तो कुठून तरी वसूल होणारच ना?

वडगावकर

डिस्नी म्हणजे नुसता मिकी नव्हे. २०१९ मध्ये त्यांनी ७,१३० कोटी डॉलरला फॉक्स या अमेरिकेतल्या सिनेमा-टीव्हीच्या कंपनीचा मोठा भाग घेतला, त्यात स्टार इंडिया आलं. म्हणजे आपल्या घरातल्या आज्या साडेपाच वर्षं स्टार प्रवाहवर ज्या मालिका बघत होत्या, त्या वाहिनीची मालक डिस्नी होती. २०२४ च्या नोव्हेंबरात तो कारभार रिलायन्सबरोबर एकत्र झाला आणि डिस्नीकडे ३६.८४ टक्के उरले. आपल्याकडे नुसत्या नावावर भागलं नाही. क्रिकेट आणि मालिका लागल्या, आणि त्यातही भागीदार घ्यावा लागला. हिमगौरीचं कुंपण इथवर पोचलंय असं मला वाटत नाही.

डेक्कनचे आजोबा

मी वयाने मोठा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

१९२९ साली, मिकी एक वर्षाचा असताना, कोल्हापुरात पाच जणांनी प्रभात ही सिनेमा कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्यात आली. त्यांच्या ‘संत तुकाराम’ सिनेमाची दखल १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात घेतली गेली. १९४२ मध्ये त्या पाचांतले शांतारामबापू बाहेर पडले आणि १९५३ पर्यंत सगळं आटोपलं. त्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि रस्त्याला नाव उरलंय.

मग डिस्नी का टिकली? १९२८ मध्ये वॉल्टच्या हातून ऑस्वाल्ड नावाचा ससा गेला, कारण हक्क वितरकाकडे होते. बरोबरीचे बहुतेक चित्रकारही गेले. तेव्हापासून त्याने ठरवलं, पात्र आपलंच पाहिजे. प्रभातच्या हाती असं काय होतं? तुकोबांवर कुणाची मालकी? ज्ञानोबांवर? पडदा उतरला की ते पुन्हा देहू-आळंदीला आपल्या जागी. बाबा, तुम्हाला जे कुंपण वाटतं, तेच त्या घराचा पाया आहे. आपल्याकडे तो पाया घातला नाही, म्हणून आपल्या मुलांना दप्तरावर लावायला आपलं काही उरलं नाही. हे मला फार वर्षं सलतंय.

कर्वेनगरचा बाबा

आजोबा, आदर ठेवून सांगतो, मला नेमकं उलटं दिसतं. तुकोबांवर मालकी नाही म्हणूनच ते साडेतीनशे वर्षं जिवंत आहेत. आणि हिमगौरीवर तरी १९३७ च्या आधी कुणाची मालकी होती? कुणाचीच नाही, तरी डिस्नीने तिच्यावर पैसा ओतला. म्हणजे मालकी असल्याशिवाय काम होत नाही, हे खरं नाही. काम झाल्यावर मालकी आली, आणि पुढे तीच सोडवेना. १९९८ मध्ये अमेरिकेत कॉपीराइटची, म्हणजे या मालकी हक्काची, मुदत २० वर्षांनी वाढली, त्यासाठी जोर लावणाऱ्यांत हीच कंपनी पुढे होती. पहिला मिकी तिथे सगळ्यांना वापरायला मोकळा झाला तो १ जानेवारी २०२४ ला. आपल्याकडे सिनेमाला प्रदर्शनानंतर ६० वर्षं पुरतात.

रेघोट्या

मी बाणेरच्या एका स्टुडिओत अ‍ॅनिमेशनचं काम करते. दोन्ही बाजू वाचून राहवलं नाही.

आकडेमोड, नाव स्वच्छ ठेवलं म्हणता, पण कुणी ठेवलं? १९४१ मध्ये डिस्नीचे चित्रकार संपावर गेले होते, कित्येक आठवडे. पात्र कंपनीचं असतं, हात आमचे असतात. आम्ही काढलेल्या कुठल्याच चेहऱ्यावर आमचं नाव लागत नाही.

पण बाबा, तुमचंही पूर्ण पटत नाही. गोष्ट मोकळी असून चालत नाही, शिकलेले हात लागतात. क्लेअर वीक्स हे डिस्नीत हिमगौरीवर काम केलेले गृहस्थ, जन्म भारतातला. १९५६ मध्ये ते मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले. आपल्याकडचे नावाजलेले अ‍ॅनिमेशनकार राम मोहन त्यांच्याच हाताखाली तयार झाले, आणि त्यांच्यापासून आपल्याकडच्या किती पिढ्या. म्हणजे ज्या कुंपणाचा तुम्हाला राग आहे, त्याच्या आतूनच आमची विद्या आली.

भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट घ्या. तिला मालक नाही. सेकंदाला बारा चित्रं धरली तर दहा मिनिटांना ७,२०० चित्रं होतात. भोपळा जमिनीला टेकताना चपटा व्हायला हवा, उसळताना लांबुळका, आणि तरी जड वाटायला हवा, कारण आत माणूस आहे. हे जमायला मला तीन आठवडे लागले. इतके दिवस पगार कोण देणार?

आकडेमोड

संपाचं मान्य. पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दप्तरच आहे, ताई. म्हातारीचा भोपळा दप्तरावर आला, तर पगार निघेल.

कर्वेनगरचा बाबा

भोपळ्याचं दप्तर मी नक्की घेईन, साडेतीनशे जास्त देऊन. त्यावर काढणारीचं नाव पाहिजे, एवढीच अट. आणि उद्या दुसऱ्या कुणाला वेगळी म्हातारी काढावीशी वाटली, तर त्याला नोटीस जाता कामा नये.

रेघोट्या ताई, तीन आठवडे लागले म्हणालात. म्हणजे तुम्ही खरंच काढताय?

रेघोट्या

हो. रात्री, ऑफिसचं काम आटोपल्यावर. बारा सेकंद झालेत. म्हातारीला आवाज माझ्या आईने दिलाय.