मदत हवी आहे : १२ किमीनंतर जीपीएस गप्प, फोटो पांढुरके

हवेच्या थरांचे फोटो काढायला १००० ग्रॅमचा लॅटेक्स फुगा आणि त्याखाली ८०० ग्रॅमची थर्माकोलची पेटी. जीपीएस निओ-एम८एन, कॅमेरा लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर. जीपीएसच्या लॉगमध्ये (नोंदींमध्ये) ११,९८० मीटरनंतर ओळी कोऱ्या. उतरताना १२ किमीच्या खाली आल्यावर पुन्हा आकडे. १० किमीपासून फोटोंवर कडेने धुकट कडं, आणि कॅमेरा चढतानाच बंद. चढण्याचा वेग सेकंदाला ३ मीटर मिळाला, हवा होता ५. जानेवारीत सोलापूरजवळून पुन्हा सोडायचा आहे. काय बदलू?

प्रतिसाद १
जीपीएस मॉड्यूल ठणठणीत आहे. ते मुळात पोर्टेबल मोडमध्ये असतो आणि त्या मोडची मर्यादाच १२,००० मीटर. सीएफजी-नॅव्ह५ या सेटिंग बदलायच्या संदेशाने डायनॅमिक मॉडेल (मोड) ६, म्हणजे एअरबोर्न (हवाई), लावा. मग ५० किमीपर्यंत चिंता नाही. घरी एकदा लावून निर्धास्त राहू नका, वीज तुटली की सेटिंग जाऊ शकतं. दर वेळी सुरू होताना कोडमधूनच पाठवा, पोच आली नाही तर परत पाठवा.

प्रतिसाद २
कडं म्हणजे पेटीतलीच वाफ. पहाटेच्या दमट हवेत झाकण लावलं की ती लेन्सवर गोठते. पुढे काच असेल तर काढा, लेन्स भोकातून थेट बाहेर येऊ द्या, आत ओलावा शोषणारं, भाजून सुकवलेलं सिलिका जेल ठेवा. आपल्याकडे १६-१७ किमीवर उणे ७५-८० अंश असतात, त्यात लिपो मान टाकतेच. लिथियमचे एए सेल घ्या, अल्कलाइन नकोत.

प्रतिसाद ३
वेग कमी म्हणजे हेलियम कमी. तुमच्या पेटीच्या वजनाला फुग्याच्या मानेपाशी (गॅस भरायच्या तोंडाशी) सुमारे १.७ किलोची ओढ हवी. पाण्याची बाटली गॅसच्या नळीच्या तोंडासकट १.७ किलो भरा, मानेला टांगा. ती जमिनीवरून जेमतेम सुटली की गॅस बंद. फुगा फुटेपर्यंतच्या ३२ किमीला ३ च्या वेगाने तीन तास लागतात, ५ ने पावणेदोन. बॅटरीचं निम्मं दुखणं तिथेच आहे.

धागाकर्ता
७ घनमीटरचा एक सिलिंडर पुरेल? थोडा जास्तच भरला तर आणखी वर जाईल ना?

प्रतिसाद ३
पुरून उरेल, लागतो साधारण २.७ घनमीटर. जास्त भरलात तर भराभर चढेल, पण फुटेलही खालीच. फुग्याचा फुटायचा व्यास ठरलेला असतो. पॅराशूट ९० सेंमीचं ठेवा. सिमवाल्या ट्रॅकरवर विसंबू नका, वर रेंज नसते. ८६५-८६७ मेगाहर्ट्झचा लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ) लावा. डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) आणि एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रण) लेखी परवानगी मात्र आधी, सिलिंडर नंतर.