मदत हवी आहे: प्रिंटरच्या पॉवर सप्लाय बोर्डावरचा जळालेला रेझिस्टर

सेलूत झेरॉक्सचं दुकान आहे. लाइट जाऊन एकदम जास्त व्होल्टेजनं आली, तेव्हापासून लेझर प्रिंटर बंद. फ्यूज उडालेला, व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज अडवणारा भाग) फुटलेला, मॉसफेट (स्विचिंगचा ट्रान्झिस्टर) शॉर्ट, तिन्ही बदलले. तपासणीसाठी सिरीजमध्ये लावलेला १०० वॅटचा बल्ब क्षणभर पेटून विझतो, मोठ्या कपॅसिटरवर ३२० व्होल्ट डीसी आहेत, म्हणजे ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) ठीक असावा. पण २४ व्होल्टचं आउटपुट शून्य.

मॉसफेटच्या सोर्स पिनकडून निगेटिव्हला जाणारा रेझिस्टर पार कोळसा झालाय, रंगाच्या पट्ट्या दिसत नाहीत. मॉसफेट चालवणाऱ्या आयसीवरचा नंबरही पुसलेला, सर्किट डायग्राम सापडत नाही. माझ्याकडं मल्टिमीटर अन् सोल्डरिंग गन आहे, ऑसिलोस्कोप नाही. नवा बोर्ड परवडत नाही.

या रेझिस्टरची व्हॅल्यू कशी काढायची? आणि नवा मॉसफेट पुन्हा उडू नये म्हणून गेट पिनचा रेझिस्टर, आयसीही सोबतच बदलावी का?