मदत हवी आहे: एमपीएससी पूर्वला निगेटिव्ह मार्किंगचा हिशोब कसा धरायचा? दोन पर्यायांत अडकलं तर उत्तराचा गोल भरायचा की प्रश्न सोडायचा?

सातारची_ताई:
नमस्कार मंडळी, माझा धाकटा भाऊ पुण्यात राहून राज्यसेवा पूर्वची तयारी करतोय आणि निगेटिव्हच्या धास्तीने टेस्ट सिरीजमध्ये बऱ्यापैकी येत असलेले प्रश्नपण कोरे सोडतोय. क्लासचे सर म्हणतात ९० तरी गोल कर, रूमवरचा सिनियर म्हणतो ७० च्या वर गेलास की संपलास, दोघांचं ऐकून पोरगं पार गोंधळलंय. मी एमएचटी-सीईटी दिलेली, तिथे निगेटिव्हच नव्हतं, त्यामुळे मला त्याला काही सांगता येत नाही आणि त्याचं फार वाईट वाटतं.

परवा जीएसच्या (सामान्य अध्ययनाच्या) पेपरात त्याने ७८ गोल केले, ५२ बरोबर, २६ चूक. जुन्या पुस्तकातल्या नियमाने त्याला ८६.६७ मार्क येतात, मित्र म्हणतो ९१. बरोबर कोणतं? आणि दोन पर्याय उडवले, उरलेल्या दोनात अडकलं, तर काय करायचं? नुसतं आत्मविश्वास ठेवा असं नका सांगू प्लीज, हिशोब सांगा.

अभ्यासिका_कट्टा:
ताई, ९१ बरोबर आहे. पूर्वी तीन चुकांना एका बरोबर उत्तराचे मार्क जायचे, आता चुकीमागे त्या प्रश्नाच्या मार्कांच्या २५ टक्के जातात. जीएसला प्रश्न २ मार्कांचा, म्हणजे चुकीला अर्धा मार्क. ५२ चे १०४, त्यातून २६ चुकांचे १३ गेले. एक तृतीयांश अजून यूपीएससी पूर्वला आहे, तिकडे जीएसला चुकीमागे ०.६६ जातात, म्हणून दोन्ही परीक्षांची पुस्तकं एकत्र वाचणाऱ्यांचा हमखास घोळ होतो. कोरा सोडला तर काही जात नाही, पण एका प्रश्नाला दोन गोल केले तर ते चूकच धरतात. आणि सीसॅटमधल्या (पूर्वचा दुसरा पेपर, आकलन-बुद्धिमापनाचा) निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना वजावट नसते, ते एकही सोडायचे नाहीत.

आकडेमोड:
दोनात अडकलं तर गोल करायचाच. असे १० प्रश्न धरा, अगदी नशिबावर सोडलं तरी सरासरी ५ बरोबर येणार, १० मार्क मिळाले, ५ चुकांचे अडीच गेले, साडेसात हातात. हे सगळे कोरे सोडले तर शून्य. भीती वाटते ती अर्धा मार्क जाण्याची, पण न मिळवलेले दोन मार्क कुठे लिहून येत नाहीत म्हणून त्यांचं दुःख होत नाही एवढंच.

त्याला एक आकडा पाठ करायला सांगा, पाचात एक. २५ टक्के वजावट असताना पाच शंकास्पद प्रश्नांत एक जरी बरोबर आला तरी २ मिळाले आणि ४ चुकांचे २ गेले, तोटा नाही. त्याच्या वर जे काही येईल तो फायदा. यूपीएससीला हीच रेषा चारात एक आहे.

सातारची_ताई:
दादा खूप खूप धन्यवाद, असं कोणीच समजावलं नव्हतं! मग ज्यातलं काहीच माहीत नाही, चारही पर्याय सारखेच वाटतात, तेपण गोल करायचे का? कारण तुमच्या हिशोबाने तिथे पण चारात एक येतोच की.

आकडेमोड:
कागदावर किंचित फायदा आहे हो. असे २० प्रश्न डोळे झाकून केले तर सरासरी ५ बरोबर, १० उणे साडेसात, म्हणजे अडीच मार्क. पण ही सरासरी झाली, एका पेपरात २ च बरोबर आले तर ४ उणे ९, सरळ ५ मार्क खाली, आणि ८ आले तर १० वर. कटऑफच्या आसपास असणाऱ्या मुलाला ५ मार्क म्हणजे अख्खं वर्ष. माझं मत, एकही पर्याय उडत नसेल तर सोडा, एक जरी खात्रीने उडाला तर करा.

यात खात्रीने हा शब्द महत्त्वाचा. विधानांच्या प्रश्नात पेपर काढणारे मुद्दाम ओळखीचं वाटणारं चुकीचं विधान घालतात, मुलाला वाटतं दोन पर्याय उडाले आणि उडालेल्यातच उत्तर असतं. म्हणून पुढच्या टेस्टमध्ये त्याला शंकेच्या प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलने खूण करायला सांगा, पक्क्या प्रश्नांना नाही. मग उत्तरतालिका आली की फक्त खुणेचे प्रश्न वेगळे मोजायचे. निम्मे बरोबर येत असतील तर सिनियरचं अजिबात ऐकू नका. पाचात एकपण येत नसेल तर अंदाज थांबवून त्या विषयाचं वाचन वाढवायचं. तीन-चार टेस्टचं एकत्र मोजा, एकावरून काही कळत नाही, आणि विषयवार मोजलंत तर अजून चांगलं, बऱ्याच मुलांचा अंदाज राज्यघटनेत लागतो आणि चालू घडामोडीत आपटतो.

७० की ९० हे घरून ठरवून जायचंच नाही. पेपर सोपा आला तर ९० सहज होतात, अवघड आला तर ७० वर थांबणंच शहाणपणाचं असतं, ते पहिला राऊंड झाल्यावर त्याला स्वतःलाच कळेल.