मदत हवी आहे: साकितामा येथील कोफुन उद्यान आणि संग्रहालय एका दिवसात पाहण्याबाबत

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरमध्ये मी आईसह टोकियोला येत असून, त्यातला एक दिवस कोफुन, म्हणजे मातीची भर घालून रचलेल्या जपानच्या प्राचीन समाधि-टेकड्या, पाहण्यासाठी राखून ठेवला आहे. सर्वांत मोठा कोफुन साकाई येथील दाइसेन; परंतु सुमारे ४८६ मीटर लांबीची ती समाधी खंदकाबाहेरूनच पाहावी लागते, आणि छायाचित्रांत तरी ती निव्वळ झाडी वाटते. म्हणून सैतामा प्रांतातील ग्योदा येथील साकितामा उद्यानाकडे माझा कल आहे. तेथे नऊ मोठे कोफुन एकाच परिसरात असून इनारियामा आणि मारुहाकायामा यांच्या माथ्यावर जाता येते. इनारियामाच्या १९६८ च्या उत्खननात मिळालेल्या लोखंडी तलवारीवर सोन्याने जडवलेली ११५ अक्षरे आहेत, हे १९७८ मध्ये क्ष-किरण तपासणी होईपर्यंत गंजामुळे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. लेखातील वर्ष बहुतेक अभ्यासक इ. स. ४७१ मानतात. ती तलवार उद्यानातल्याच संग्रहालयात आहे.

मला खरी ओढ मात्र शोगुनयामाची आहे. तेथे टेकडीच्या पोटात शिरून दफनकक्ष कसा होता ते पाहता येते, आणि याच कोफुनात घोड्याचे लोखंडी शिरस्त्राण सापडले होते. मी नागपूरची. जुनापाणीची शिळावर्तुळे, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळे, लहानपणापासून पाहिली आहेत आणि माहुरझरीच्या दफनांत मिळालेले घोड्याचे तांब्याचे अलंकारही ठाऊक आहेत. विदर्भातल्या या दफनांचा आणि कोफुनांचा परस्परांशी संबंध नाही, काळातही मोठे अंतर आहे. तरी मृतासोबत घोड्याचा साज पुरणारी ही दुसरी माणसे पाहावीत, असे फार वाटते.

आता अडचणी. उएनोहून ताकासाकी मार्गाच्या गाडीने ग्योदा स्थानकापर्यंत थेट जाता येते, इतके समजले. पण तेथून उद्यान बरेच दूर आहे. बस किती वेळाने असते, आणि टॅक्सीने गेल्यास परतीची टॅक्सी उद्यानाजवळ मिळते का? आई ७१ वर्षांची आहे. सपाटीवर ती तासभर चालते, परंतु पायऱ्या उतरताना गुडघा दुखतो. मारुहाकायामा सुमारे १९ मीटर उंच आहे. तेथील पायऱ्यांना आधाराचा कठडा आहे का, की तिने इनारियामावरच समाधान मानावे?

शिवाय तेथे स्वतःच्या हाताने हानिवा, म्हणजे कोफुनांवर मांडत त्या मातीच्या आकृती, घडवता येतात. वाळवून भाजायला वेळ लागत असल्याने ती वस्तू त्याच दिवशी हाती येत नाही. ती भारतात पाठवतात का, की टोकियोत निशि-कासाईला राहणाऱ्या मावसबहिणीचा पत्ता देणे बरे?

संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून मंगळवार धरला आहे. त्या दिवशी फुजी पाहा, असे घरच्या सर्वांनी सुचवून झाले आहे. तेवढा सल्ला कृपया वगळावा.