घरच्या माणसाचं चित्र काढून घेतलंय? तुमचा अनुभव लिहा

लातूर
आजोबांचा एकच फोटो होता, कृष्णधवल, पासपोर्टएवढा. त्यावरून तैलचित्र करून घ्यायचं ठरलं. चित्रकारानं पहिल्याच भेटीत विचारलं, "पटका कोणत्या रंगाचा बांधायचे?" आम्ही चौघं भावंडं, चार उत्तरं आली. शेवटी आजीनं पेटी उघडायला लावली. तळाशी डांबरगोळ्यांच्या वासाचा पटका निघाला. वरून पार विटलेला, पण घडीच्या आत रंग शाबूत होता: गुलाबी, जरासा जांभळटाकडं झुकलेला. ती घडी खिडकीशी धरून त्यानं रंग जुळवला. २४ बाय ३० इंचाचं चित्र, चार महिने लागले. आजी आता त्याच्यासमोर बसूनच चहा घेते. कुणी असं चित्र करून घेतलं असेल तर लिहा, वाईट अनुभवही लिहा. पुढच्या माणसाला उपयोग होतो.

नांदेड
माझा वाईटच आहे. एका दुकानात वडिलांचं चित्र "हातानं रंगवलेलं" म्हणून दिलं. पंधरा दिवसांत तयार! तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण जवसाच्या तेलातला रंग इतक्या लवकर नीट वाळत नाही. घरी भिंग लावलं तर गालावर छपाईचे बारीक ठिपके. फोटो कॅनव्हासवर छापून वरून नुसता पारदर्शक जेलचा ब्रश फिरवलेला. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की आई त्या चित्राला हात जोडत होती. दुसऱ्यांदा नीट ठरवून दिलं. आधी कोळशाचं रेखाटन दाखवायचं, ते पसंत पडलं की पुढचा हप्ता, आणि अर्धं झालेलं चित्र आम्ही जाऊन बघणार. आकार, फ्रेम, मुदत सगळं कागदावर.

छत्रपती संभाजीनगर
बाबांना प्रत्यक्ष समोर बसवून काढून घेतलं. उत्तरेकडच्या खिडकीशी बसवलं होतं, तिथं थेट ऊन फारसं येत नाही, त्यामुळं सावल्या दिवसभर फारशा हलत नाहीत. जमत असेल तर माणूस आहे तोवरच बसवा.

किल्लारीजवळचं गाव
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात घर गेलं, माय गेली, फोटोही गेले. मी नऊ वर्षांचा होतो. पुढं मामाच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत माय सापडली, कडेला, डोक्यावर पदर, चेहरा अर्धाच. चित्रकार म्हणाला, एवढ्यावर नाही होणार, तिच्यासारखं कोण दिसतं? मावशीला घेऊन गेलो. तीन दुपारी ती त्याच्यासमोर बसली. तो विचारायचा, हसताना कोणता गाल वर जायचा, पदर कानामागं घ्यायची का. मला काहीच सांगता येईना, लई वाईट वाटलं. पहिल्या रेखाटनात नाक मावशीचं आलं, ते त्यानं तीनदा पुसलं. शेवटी मावशीच म्हणाली, हनुवटीवर गोंदण होतं, तीन ठिपके. त्यानं ते बारीक ब्रशनं घातले, हिरवट-निळे. आणि मला एकदम आठवलं. जेवू घालताना ती खाली वाकायची तेव्हा ते ठिपकेच डोळ्यासमोर असायचे. रंग ओलाच होता. मी तिथंच बसून राहिलो.

परभणी
वरचं वाचून डोळे भरले. एक कामाची गोष्ट सांगते. आमच्याकडं दादांच्या तैलचित्राला रोज गंध लावायचे, खाली समई असायची. वर्षभरात कपाळावर तांबडा डाग बसला आणि काजळीनं खालची बाजू काळवंडली. ओल्या फडक्यानं पुसायला गेले तर डाग आणखी पसरला. ज्यानं चित्र काढलं त्यालाच बोलावलं, त्यानं हळूहळू काढला आणि सांगितलं की रंग आतपर्यंत वाळायला निदान सहा महिने देऊन मग व्हार्निश करायचं. आमचं राहूनच गेलं होतं, ते त्यानं केलं. आता गंध चौकटीच्या लाकडाला लावतो, हार भिंतीत वेगळा खिळा मारून त्याला अडकवलाय, आणि समई दोन हात अलीकडं ठेवली आहे.